हरवलेल्या बाईचं नाव सांगा

माझं माहेर इस्लापूरकडचं, किनवट तालुक्यातलं. पावसाळ्यात सहस्रकुंडाच्या धबधब्याचा आवाज आमच्या ओसरीवर यायचा, इतकं जवळ. वडिलांची जमीन कोरडवाहू, कापूस आणि ज्वारी, आम्ही तिघी बहिणी. गावात शाळा चौथीपर्यंत होती म्हणून मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीला इस्लापूरला जावं लागलं असतं, आणि मी अशी बुजरी की मास्तरांनी हजेरीत नाव घेतलं तरी माझ्या तोंडून हजर निघायचं नाही, शेजारी बसणारी पोरगीच माझ्या वतीनं म्हणायची. आई म्हणाली राहू द्या हिला घरी, हिला कुठं भाषण करायचंय. अजून मी तशीच आहे, चार माणसं बघितली की जीभ टाळूला चिकटते. म्हणून हे मी कुणाला सांगत नाही, लिहून काढते, समोर एखादी बाई पाय पसरून बसलीय आणि मग, मग काय झालं म्हणून विचारतेय असं धरून.

लग्न होऊन नांदेडला आले. लग्नात माझं नाव बदललं, आमच्यात बदलतातच. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं आणि नवरीनं वाकून बघायचं. यांनी सुनीता लिहिलं. जुनं नाव कौसल्या, घरात सगळे कौसी म्हणायचे, ते माहेरी राहिलं. मग आई गेली, वडील गेले, बहिणी लांब दिल्या, तसं ते नाव घेणारंही कुणी राहिलं नाही. मी त्याचं वाईट वाटून घेतलं असं नाही. सगळ्यांचंच होतं तसं.

हे रिक्षा चालवतात. घर जुन्या गावात, गोदावरीच्या घाटाला जाणाऱ्या गल्लीत, दोन खोल्या आणि वर पत्रा. मी क्लासच्या पोरांच्या खानावळीत पोळ्या लाटायला जाते. पूजा आमची एकुलती, तिकडं लातूरला नर्सिंग शिकते. आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. सासरे मी बघितलेच नाहीत, हे लहान असतानाच वारले, आत्याबाईंनी शेंगा फोडून, डाळी निवडून देऊन यांना वाढवलं. पण त्यांच्याकडं बघून कुणाला वाटलं नसतं की या बाईनं दुःख बघितलंय.

काय सांगू तुम्हाला, इतकी हिंडायची हौस असलेली बाई मी बघितली नाही. त्या म्हणायच्या नांदेडात राहून नांदेड बघितलं न्हाई ती म्हैस. मला म्हणायच्या चल गं सुनीते, घरात बसून काय अंडी घालून राहिलीस. होळीला गुरुद्वाऱ्याकडून हल्ला निघतो, म्हणजे शिखांची मिरवणूक, घोडे, निशाणं, निळ्या पगड्या, उपसलेल्या तलवारी, आणि एका क्षणी सगळे एकदम धावतात तेव्हा पायाखालचा रस्ता हादरतो, तो बघायला आत्याबाई सकाळीच भाकरी बांधून पुढची जागा धरायच्या. मग कंधारला दर्ग्याचा उरूस, तिथं जाऊन किल्लाही बघायचा, खंदकात वाकून बघत म्हणायच्या, एवढं खणलं, ह्या लोकांना दुसरा धंदा नव्हता का गं. श्रावणात सहस्रकुंड. माझ्या माहेरचा धबधबा, पण तो जवळ उभं राहून नीट बघायला मला त्यांनीच नेलं, माहेरी असताना कोण नेतं पोरींना. गणपतीत गल्लोगल्लीचे देखावे, दसऱ्याला पुन्हा हल्ला, दिवाळीच्या पहाटे घाटावर गाणं, त्यातलं त्यांना काही कळायचं नाही, पण गाणाऱ्या बाईच्या साडीचा काठ त्यांना सांगता यायचा. मार्गशीर्षात लोह्याकडं माळेगावला खंडोबाची जत्रा, आणि महाशिवरात्रीला लातूरला सिद्धेश्वराची, कारण रेणापूर त्यांचं माहेर आणि ती लहानपणापासूनची जत्रा. तिथं संपलं की होळी आलीच, पुन्हा पहिल्यापासून.

माळेगावला घोड्यांचा बाजार भरतो तिथं तर त्या विकत घेणाऱ्यासारख्या उभ्या राहायच्या. दात दाखव म्हणाव ह्याचे. घोडेवाला म्हणायचा आजी, घ्यायचा हाय का. त्या म्हणायच्या घ्यायचा न्हाई रे बाबा, पण तू लोकांना फसवून राहिलास का ते बघू दे. तो हसायचा, दात दाखवायचा. मी त्यांच्या मागं, त्यांच्या पदराचं टोक धरून. मी सगळं असंच बघितलं, त्यांच्या खांद्यावरून. माझ्यासारखीला एकटीला कुणी कुठं नेलं असतं आणि मी कुठं गेले असते. रेवड्यांची पुडी घ्यायच्या, पहिली रेवडी खांद्यावरून मागं टाकायच्या. का म्हणून विचारलं की म्हणायच्या, मागं राहिलेल्याला. कोण मागं राहिलंय ते कधी सांगितलं नाही. लसूण सोलतानाही तेच, पहिली पाकळी मागं. घर झाडताना कोपऱ्यात मला त्या पाकळ्या सापडायच्या.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी भाजीत मीठ दोनदा. मग एकदा हे कामावरून आले तर यांना पाणी देऊन विचारलं, कुणाकडं आलात भाऊ. हे हसले, म्हणाले आई थट्टा करते. थट्टा नव्हती. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, औषधानं फार तर थांबेल, मागं येणार नाही. यांना ते सोसेना, हे त्यांच्याशी मोठ्यानं बोलायचे, जसं काही ऐकू येत नाही म्हणून ओळखत नाही. पण ढोल वाजला, हलगी वाजली की आत्याबाई पहिल्यासारख्या व्हायच्या, मान ताठ, पाय ठेका धरायचा. म्हणून आम्ही त्यांना हिंडवायचं बंद केलं नाही. लोक म्हणाले आता घरात ठेवा. घरात ठेवून त्या भिंतीकडं तोंड करून बसायच्या, ते बघवायचं नाही.

मागच्याच्या मागच्या होळीला आम्ही तिघं गेलो होतो. एका बाजूनं हे, एका बाजूनं मी, मधे आत्याबाई, दोघांच्या हातात त्यांचे हात. हल्ला धावला, लोक मागं रेटले, धूळ, गुलाल, घोडे, आणि गर्दी मोकळी झाली तेव्हा माझ्या आणि यांच्या मधे कुणी नव्हतं. हात कुणाचा सुटला ते आम्ही दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही.

माणसं हरवली की पुकारायला एक मांडव असतो, तिथं माइकवर बसलेले गृहस्थ म्हणाले, हरवलेल्या बाईचं नाव सांगा. यांनी सांगितलं सुभद्राबाई मारोतराव. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. त्यांनी चांगलं तीनतीनदा पुकारलं, सुभद्राबाई, आपण जिथं असाल तिथून मांडवाकडं या, आपले चिरंजीव वाट पाहत आहेत. सगळ्या रस्त्यावर कर्णे लावलेले, आवाज नदीपर्यंत जात होता. मी मांडवाच्या बांबूला धरून उभी. संध्याकाळपर्यंत लेकरं सापडली, एक बोबडं लेकरू, एका लग्नाच्या वऱ्हाडातला म्हातारा सापडला, सुभद्राबाई आल्या नाहीत.

पोलिसांत दिलं. दवाखाने बघितले. घाटावर झोपतात त्या सगळ्या बायकांचे चेहरे बघितले. गुरुद्वाऱ्यात, शहरातल्या लंगरात फोटो दाखवून विचारलं, तिथं रोज हजारो माणसं जेवून जातात, कोण कुणाला ध्यानात ठेवणार, तरी ती माणसं फोटो हातात घेऊन नीट बघायची आणि मान हलवायची. पूजानं मोबाइलवर फोटो टाकला. लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली, कुणी गुलाबाचं फूल पाठवून सुप्रभात म्हणालं. हे रेणापूरला जाऊन आले. यांचे मामा वारलेले, मामेभाऊ घर विकून पुण्याला गेलेला, गल्लीतल्या नव्या माणसांना सुभद्राबाई कोण हे माहीत नाही.

मग मला एकच सुचलं. मी यांना म्हणाले, आत्याबाईंना घर ध्यानात नसंल, पण ढोल ध्यानात हाय. जिथं ढोल वाजंल तिथं त्या येतील. हे माझ्याकडं बघत राहिले. मी इतकं मोठं वाक्य यांच्यासमोर बोलत नाही. म्हणाले चल.

तेव्हापासून त्या वर्षी आम्ही एक जत्रा सोडली नाही. उरुसाला कंधार, पावसात सहस्रकुंड, गणपतीत नांदेडची एकेक गल्ली, दसऱ्याचा हल्ला, दिवाळीची घाटावरची गाणी. आत्याबाईंसोबत ज्या क्रमानं हिंडले त्याच क्रमानं, त्याच ठिकाणी, फक्त आता मी स्टेजकडं पाठ करून उभी राहायची, बघणाऱ्यांची तोंडं बघत. तुम्ही कधी असं केलंय का, सगळे एकीकडं बघून हसतायत आणि आपण त्यांच्याकडं बघतोय. हजार तोंडं बघितली की एक वेळ अशी येते की आपल्या माणसाचं तोंडच आठवत नाही. मग मी फोटो काढून बघायची. फोटो आधारकार्डाचा, त्यात त्या चिडलेल्या, कारण त्यांना डोक्यावरचा पदर मागं घ्यायला सांगितलं होतं.

प्रत्येक ठिकाणी पुकारायचा मांडव, प्रत्येक ठिकाणी तेच, हरवलेल्या बाईचं नाव सांगा. प्रत्येक ठिकाणी सुभद्राबाई मारोतराव.

गल्लीत बायका बोलायला लागल्या. शेजारच्या ताराकाकू, तोंडानं फटकळ, मला नळावर म्हणाल्या, सुनीता, सासू हरवली का तुला जत्रा सापडली गं. दुसऱ्या हसल्या. काल कंधार, आज सहस्रकुंड, आमच्या सासवा कधी हरवत्यात बाई. मी घागर उचलून आले. घरात येऊन रडले ते त्यांच्या बोलण्यानं नाही. दिवाळीच्या पहाटे घाटावर एक पोरगी गात होती, पाण्यावर दिवे सोडले होते, आणि मी थोडा वेळ, किती ते माहीत नाही, सगळं विसरून ते ऐकत उभी होते. तिच्या साडीचा काठ हिरवा होता. तो बघितला आणि एकदम आत्याबाई आठवल्या.

यांनी दाढी करायची सोडली. रिक्षात म्हातारी बाई बसली की तिला उतरवून झाल्यावरही तिथंच थांबायचे. माळेगावच्या जत्रेत हे घोड्यांच्या बाजारात एका जागी बसून राहिले, म्हणाले इथं ती येणारच, घोड्याचे दात बघायला. पूर्ण जत्राभर बसले. तो ओळखीचा घोडेवाला आला, त्यानं विचारलं आजी कुठं हाय यंदा. मीच मान हलवली. त्यानं काय समजायचं ते समजून डोक्यावरचा फेटा काढून हातात धरला. मला ओरडावंसं वाटलं की अहो तसं नाही, मेल्या नाहीत त्या. पण ओरडायला माझ्याकडं आवाज होता कुठं. परत येताना गाडीत हे म्हणाले, मेली असती तर दहावं तेरावं करून रडून मोकळा झालो असतो. असं म्हणणाऱ्या लेकराला देव काय करत असंल. मी म्हणाले काही करत न्हाई, झोपा.

महाशिवरात्रीला लातूर. यांना ताप होता, म्हणून मी आणि पूजा. सिद्धेश्वराच्या जत्रेत आकाशपाळणे, भांड्यांची दुकानं, शेती अवजारं, सगळं हिंडून पुकारून झालं. पूजा पाणी आणायला गेली आणि मी एका लिंबाखाली बसले. शेजारी एक म्हातारी चपला उशाला घेऊन पडली होती. ती उठून बसली, माझ्याकडं बघून म्हणाली, मघाशी पुकारून राहिले ती तुझी कोण. मी म्हणाले सासू. माहेर कुठलं तिचं. म्हणाले रेणापूर. ती म्हणाली मी बी रेणापूरची, तिथंच जन्मले, रेणापुरात सुभद्रा कुणाची गं. मी सांगितलं, किसनरावांची लेक, नांदेडला दिलेली. म्हातारी माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाली, अगं ती भागी!

मला कळेना. ती म्हणाली भागीरथी, भागी, माझ्या संगं चिंचा पाडायची. तिच्या लग्नात मी ताटाशीच बसले होते. नवऱ्यानं तांदळात सुभद्रा लिहिलं, आन् ह्या बयेनं हातानं तांदूळ फिसकटून टाकले, म्हणाली मला हे न्हाई आवडलं. सगळे हसले, पुन्हा लिहिलं. पुन्हा फिसकटलं. मग तिच्या बापानं हात धरून ठेवला तवा लग्न पुढं गेलं. म्हातारी हसत होती. इतकी हूड होती, दिवेलागण झाली तरी घरी यायची न्हाई, तिची आई गढीच्या भिंतीवर चढून हाक मारायची, भागेऽ, ए भागे, चल घरी, दिवा लागला. आन् भागी लांबूनच, आले न्हवं, कशाला बोंबलून राहिलीस. रोजचंच. अख्ख्या गावाला ठावं.

मी तिथंच बसून राहिले. एक वर्ष. एक वर्ष आम्ही त्यांना त्या नावानं बोलावत होतो जे त्यांनी दोनदा पुसलं होतं.

फोनवर यांना सांगितलं तर हे म्हणाले, मामा आईला अक्का म्हणायचा. मी आई म्हणायचो. गल्ली सुभद्राबाई म्हणायची. मला कधी विचारायचं सुचलंच न्हाई. मी म्हणाले कुणालाच सुचत नाही. म्हणाले, जी मला ओळखत न्हाई ती सुभद्रा म्हणून कशी वळंल. ते फोनवर रडत होते आणि इकडं पूजा मला विचारत होती, आई, तुझं नाव सुनीताच आहे ना. मी म्हणाले नंतर सांगते.

होळी आली. आम्ही पुन्हा त्याच मांडवात. यंदा माइकवर दुसरे गृहस्थ, त्यांनी विचारलं, हरवलेल्या बाईचं नाव सांगा. यांनी सांगितलं, भागीरथी किसनराव, रेणापूर. गृहस्थांनी चांगलं पुकारलं, श्रीमती भागीरथीबाई, आपण जिथं असाल तिथून मांडवाकडं यावं. पुन्हा पुकारलं. कुणी आलं नाही. ढोल वाजत होते, हल्ला निघायची वेळ होत आली होती, एकदा तो धावला की कशाचा आवाज कशाला लागत नाही. यांनी खाली बसून डोकं हातात धरलं. गृहस्थ म्हणाले मावशी, बाजूला व्हा, दुसरे लोक आहेत.

मी म्हणाले, असं नाही. त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणाले काय. मी म्हणाले असं कुणाची आई बोलावते का. मी माइक त्यांच्या हातातून घेतला, मला माहीत नाही कसा घेतला, तोंडासमोर धरला तर त्यातून माझा श्वासच मोठ्यानं ऐकू आला सगळ्या रस्त्यावर. सासूला नावानं हाक मारायची. एकेरी. सगळ्या नांदेडसमोर. मी डोळे मिटले आणि हाक मारली. भागेऽ. ए भागे. चल घरी. दिवा लागला.

लोक हसले. कुणीतरी ओरडलं, मावशी, भर दुपारी कसला दिवा. मी पुन्हा हाक मारली, आणि पुन्हा, मग मला थांबताच येईना, आयुष्यभरात न ओरडलेलं सगळं त्यात निघालं, भागेऽ, ए भागे, दिवा लागला गं, चल घरी. गृहस्थ माइक ओढायला लागले.

आणि मांडवाच्या मागच्या बाजूनं, जिथं लंगराचे तंबू लावले होते, तिकडून आवाज आला. आले न्हवं! कशाला बोंबलून राहिलीस.

पंजाबी ड्रेस, फिकट निळा, डोक्यावर ओढणी, केस मागं घट्ट बांधलेले, कपाळ मोकळं. फोटो हातात धरून बघितली असती तरी मी ओळखली नसती. ओंजळीत सोललेला लसूण. जवळ येऊन माझ्याकडं रागानं बघितलं, मग राग विरला, म्हणाली, तू आमच्या आईसारखी वरडतीस, पण आई न्हाईस. कोण गं तू.

तिच्या मागं एक शीख बाई धावत आली, पाठीवर हात ठेवून उभी राहिली, ह्या आमच्या भागी माई आहेत, तुम्ही कोण. मग सगळं कळलं. शहराच्या बाहेर, लातूरकडच्या रस्त्याला शिखांचा एक छोटा डेरा आहे, मठासारखा, तिथल्या बायका होळीला सेवेसाठी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येतात, ढोलकी वाजवत, भजनं म्हणत. आदल्या होळीला परत जाताना ट्रॉलीत एक म्हातारी जास्त निघाली. नाव विचारलं तर भागी, गाव रेणापूर. त्यांनी पोलिसांना कळवलं, स्वतः रेणापूरला जाऊन विचारून आल्या, भागी नावाची कुणी बाई हरवलीय का. कुणाचीच हरवली नव्हती. आम्ही इकडं सुभद्रा शोधत होतो, त्या तिकडं भागीचं घर शोधत होत्या. मग ठेवून घेतलं, जीव लावला, जेवू घातलं. मी त्या बाईच्या पायाला हात लावायला वाकले तर तिनं मला वरच धरलं.

हे उठून आले. आई म्हणाले. तिनं ओढणी पुढं ओढली, परक्या पुरुषासमोर ओढतात तशी, आणि माझ्या मागं सरकली. माझ्या पदराचं टोक धरलं. हळूच मला म्हणाली, ह्यो बाप्या रडून का राहिला.

आणलं घरी. पण खरं सांगते तुम्हाला, भागी आली, सुभद्रा आली नाही. भागीचं अजून लग्नच झालेलं नाही, तर तिला पोरगा कुठून असंल. हे घरात आले की ती आत जाऊन बसते. यांनी तिच्यासमोर ताट ठेवलं तर जेवत नाही, माझ्या हातानं जेवते. हे आता बाहेर रिक्षातच जेवतात. मी म्हणाले उद्या ओळखतील. हे म्हणाले, नाव सापडलं तवाच मला कळायला पाहिजे होतं, ते माझ्या जन्माच्या आधीचं हाय. कधी वाटतं, शोधलंच नसतं तर यांच्या मनात यांची आई तरी राहिली असती. मग वाटतं, गप्प बस, जेवतेय ना ती तुझ्या हातानं.

मला ती रोज सकाळी विचारते, तुझं नाव काय गं. पहिल्यांदा सुनीता म्हणाले तर तोंड वाकडं केलं. मग एक दिवस माझ्या तोंडून निघून गेलं, कौसी. ती म्हणाली हां, हे बरं हाय. तेव्हापासून कौसे म्हणते. कौसे, चल चिंचा पाडू. कौसे, माझी येणी घाल. किती वर्षांनी ती हाक कानावर पडते, आणि मी वय विसरून हजर म्हणते. ते नाव पूजालाही सांगून ठेवलंय, यांनाही. म्हटलं ध्यानात असू द्या, लागलं तर.

यंदा मार्गशीर्षात माळेगावला नेलं तिला. तिचा हात माझ्या हाताला ओढणीनं बांधून. घोड्याचे दात बघितले तिनं, घोडेवाला खाली बसून तिच्या पाया पडला. मी रेवड्या घेतल्या, तिनं पहिली मागं टाकली. मग बघितलं तर हे बरोबर नव्हते. शोधत गेलो तर पुकारायच्या मांडवाशी उभे. मी पोचेपर्यंत कर्ण्यातून आवाज यायला लागला होता. सुभद्राबाई मारोतराव, आपण जिथं असाल तिथून मांडवाकडं या, आपले चिरंजीव वाट पाहत आहेत. यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. यांची आई हरवलीच आहे.

भागी रेवडी चघळत ऐकत होती. मला कोपरानं ढोसून म्हणाली, कौसे, कुणाची म्हातारी हरवली गं. मी म्हणाले, त्यांची. तिनं यांच्याकडं नीट बघितलं, त्या दिवशी पहिल्यांदा ओढणी पुढं न ओढता. पुडीतली एक रेवडी काढून यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, रडू नको बाबा. जत्रेत हरवलेलं जत्रेतच सापडतं. हिंडत ऱ्हाय.